जावा प्रोग्रॅम टर्मिनलवरून चालवताना जार सापडत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जावाच्या टीममध्ये नवीन आलेली मुलं आणि प्रॅक्टिकलवाली पोरं जे जे विचारतात ते सगळं एकदाच इथे लिहून ठेवतोय, म्हणजे दरवेळी तेच तेच टाइप करायला नको. कमांड्स उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. जार म्हणजे कंपाइल केलेले क्लास एकत्र बांधलेली झिपसारखी फाइल. उदाहरणासाठी एक छोटा बिलिंगचा प्रोग्रॅम धरूया: बिल.जार ही आपली फाइल, लिब नावाच्या फोल्डरमध्ये बाकीच्या लायब्ररी आणि मेन क्लास, म्हणजे जिथून प्रोग्रॅम सुरू होतो तो, दुकान.बिल.मेन.

आयडीईमध्ये (इंटेलिजेसारख्या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) हिरवं बटन दाबलं की चालतंय, टर्मिनलमध्ये मात्र एररच एरर. असं का?

कारण आयडीई तुमच्यासाठी मागच्या मागे एक लांबलचक कमांड तयार करते आणि त्यात प्रत्येक जारचा पूर्ण पत्ता घालते, तुम्ही टर्मिनलमध्ये ते घातलेलं नसतं एवढंच. इंटेलिजेमध्ये रन विंडोच्या अगदी वरची ओळ दुमडलेली असते, तिच्यावर क्लिक करा, सगळी कमांड उलगडते. त्यात दिसतील ते पत्ते बहुतेक होम फोल्डरमधल्या .एम२ किंवा .ग्रेडल या लपलेल्या फोल्डरांतले असतील, मेवन आणि ग्रेडल ही लायब्ररी आणून प्रोग्रॅम बांधणारी टूल्स डाउनलोड केलेल्या जार तिथेच ठेवतात. जावाला स्वतःला या फोल्डरांबद्दल काडीचंही माहीत नसतं. मेवनच्या पॉम फाइलमध्ये डिपेंडन्सी (लागणारी लायब्ररी) लिहिली म्हणजे जावाला कळलं असं अजिबात नाही, पॉम फक्त मेवन वाचतं.

मग क्लासपाथ म्हणजे नक्की काय?

जागांची यादी. यादीतली प्रत्येक जागा म्हणजे एकतर एखादी जार किंवा एखादं फोल्डर. जेव्हीएमला (प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणाऱ्या जावाच्या इंजिनाला) एखादा क्लास लागला की ती या यादीत डावीकडून उजवीकडे शोधत जाते आणि पहिला सापडेल तो घेते, पुढे बघतसुद्धा नाही.

यातल्या दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात आणि बराचसा वैताग त्यातूनच येतो. एक म्हणजे शोध सुरुवातीला होत नाही, तो क्लास पहिल्यांदा लागेल तेव्हा होतो, त्यामुळे प्रोग्रॅम मस्त सुरू होतो, दुपारपर्यंत चालतो आणि कोणीतरी पीडीएफचं बटन दाबलं की आपटतो कारण पीडीएफची जार कधी दिलेलीच नव्हती. दुसरी म्हणजे यादीत लिहिलेली जार त्या जागी नसेल तर जावा काहीही बोलत नाही. वॉर्निंग नाही, काही नाही, गुपचूप पुढे जाते. त्यामुळे नावात एक अक्षर चुकलं तरी तुम्हाला वाटत राहतं की मी तर जार दिलीये.

फोल्डर देताना पॅकेजच्या वरचं फोल्डर द्यायचं असतं. क्लास दुकान.बिल.मेन असेल तर ज्या फोल्डरमध्ये "दुकान" हे फोल्डर आहे ते द्या, थेट "बिल"च्या आत शिरून जावा मेन असं चालवू नका, नाही चालणार.

-सीपी, -क्लासपाथ आणि क्लासपाथ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, यात जिंकतं कोण?

-सीपी आणि -क्लासपाथ एकच, कमांडमध्ये ही यादी द्यायचा ऑप्शन. ते दिलं की व्हेरिएबल पूर्ण बाद, दोन्ही एकत्र होत नाहीत. दोन्ही नसेल तर सध्याचं फोल्डर म्हणजे नुसता टिंब धरला जातो. आणि हो, तुम्ही -सीपी दिलं की हा टिंबसुद्धा आपोआप येत नाही, हवा असेल तर स्वतः लिहा.

माझं मत विचाराल तर ते व्हेरिएबल सेटच करू नका. जुन्या पुस्तकांत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये अजून शिकवतात, पण ते एका मशीनवर सेट असतं आणि दुसऱ्यावर नसतं, आणि मग "माझ्याकडे चालतंय" सुरू होतं. कमांडमध्ये जे आहे ते डोळ्यांना दिसतं.

अजून एक, -सीपी हे मेन क्लासच्या आधी यायला हवं. मेन क्लासच्या नावानंतर जे काही लिहाल ते सगळं तुमच्या प्रोग्रॅमला आर्ग्युमेंट म्हणून जातं, जावा त्याकडे बघत नाही.

मध्ये कोलन द्यायचा की सेमीकोलन?

लिनक्स आणि मॅकवर कोलन, विंडोजवर सेमीकोलन, कारण विंडोजमध्ये कोलन आधीच सी: डी: ला वापरलाय. विंडोजवर गिट बॅश वापरणाऱ्यांची इथे फसगत होते: शेल (तुमच्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) लिनक्ससारखा दिसतो पण जावा विंडोजचीच आहे, म्हणजे सेमीकोलनच लागतो, आणि बॅशला सेमीकोलन म्हणजे "इथे कमांड संपली" असं वाटतं, म्हणून सगळं अवतरणचिन्हात टाकावंच लागतं.

लिबमध्ये चाळीस जार आहेत, सगळ्यांची नावं लिहू का?

नको. जावा ६ पासून स्टार चालतो:

जावा -सीपी "बिल.जार:लिब/*" दुकान.बिल.मेन

अवतरणचिन्हं शोभेची नाहीत. नुसतं -सीपी लिब/* लिहिलं तर तो स्टार जावापर्यंत पोचतच नाही, शेलच तो उलगडून सगळ्या जारची नावं स्पेस देऊन मांडतो, मग पहिली जार होते क्लासपाथ आणि दुसऱ्या जारचं नाव होतं मेन क्लास! "मेन क्लास लिब.अमुक.जार सापडला नाही" अशी विचित्र एरर आली तर समजायचं, हेच झालंय. गंमत म्हणजे बिल.जार:लिब/* असं अवतरणाशिवाय बॅशमध्ये लिहिलं तर ते बहुतेक वेळा चालून जातं, कारण "बिल.जार:लिब" नावाचं फोल्डरच नसतं आणि बॅश ते तसंच सोडून देतो. तीच ओळ मॅकवर झेडशेलमध्ये टाकली की "नो मॅचेस फाउंड". मॅकचा डीफॉल्ट शेल २०१९ च्या कॅटलिनापासून झेडशेल आहे, त्यामुळे लिनक्सवाल्याने पाठवलेली कमांड मॅकवाल्याकडे फुटते ती अशी.

स्टारच्या मर्यादा पण ऐका. लिब/*.जार असं लिहायचं नाही, नुसता स्टार. तो आतल्या सबफोल्डरांत शिरत नाही. सुटे क्लास उचलत नाही, फक्त जार. आणि जार कुठल्या क्रमाने येतील याची काही गॅरंटी नाही, त्यामुळे क्रम महत्त्वाचा असेल तर ती एक जार आधी नावाने लिहा आणि मग स्टार.

अवतरणात ~ सुद्धा उलगडत नाही हे लक्षात ठेवा. "~/लिब/*" असं दिलं तर जावा खरोखर ~ नावाचं फोल्डर शोधत बसते, आणि वर सांगितलं तसं न सापडल्यावर गप्पही बसते. होम व्हेरिएबल वापरा.

मी -जार पण दिलं आणि -सीपी पण दिलं, तरी लायब्ररी सापडत नाही!

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. -जार (मेन क्लासचं नाव न देता थेट जार चालवायचा ऑप्शन) वापरलं की -सीपीकडे आणि क्लासपाथ व्हेरिएबलकडे पूर्ण दुर्लक्ष होतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. मग त्या जारच्या आतली मॅनिफेस्ट फाइल (जारबद्दलची माहिती लिहिलेली) जे सांगेल तेवढंच खरं.

दोन उपाय. सोपा उपाय म्हणजे -जार सोडा आणि वरच्यासारखं -सीपीत बिल.जार घालून मेन क्लासचं नाव द्या. दुसरा म्हणजे मॅनिफेस्टमध्ये क्लास-पाथ ही ओळ लिहा. तिथे नियम वेगळे आहेत आणि कोणीतरी मुद्दाम वेगळे केल्यासारखे आहेत: कोलन-सेमीकोलन काही नाही, नुसती स्पेस, स्टार चालत नाही, प्रत्येक जार नावाने, पत्ते तुम्ही कमांड कुठून चालवताय त्यावरून नाही तर ती जार जिथे आहे तिथून मोजले जातात, फोल्डर असेल तर शेवटी तिरकी रेघ हवीच. एक ओळ ७२ बाइटपेक्षा मोठी चालत नाही, पुढची ओळ एका स्पेसने सुरू करायची. फाइलच्या शेवटी एन्टर हवा, नाहीतर शेवटची ओळ खाल्ली जाऊ शकते. हाताने लिहू नका हो, मेवनचं जार प्लगइन हे सगळं बरोबर लिहून देतं.

क्लास-नॉट-फाउंड-एक्सेप्शन आणि नो-क्लास-डेफ-फाउंड-एरर, दोन्ही एकच ना?

नाही, आणि फरक कळला तर अर्धा शोध तिथेच संपतो.

पहिलं येतं जेव्हा कोडने नाव स्ट्रिंगमध्ये देऊन क्लास मागितलेला असतो, क्लास.फॉरनेम वगैरे. दुसरं येतं जेव्हा कंपाइल करताना तो क्लास होता पण चालवताना नाही, म्हणजे जार द्यायची राहिली. पण या दुसऱ्याचा एक जुळा भाऊ आहे, मेसेजमध्ये "कुड नॉट इनिशियलाइझ क्लास" असं लिहिलेलं असतं. तिथे जार आहे, क्लास सापडलाय, पण त्याचा स्टॅटिक ब्लॉक (क्लास पहिल्यांदा वापरताना एकदाच चालणारा कोड) आधीच एकदा आपटलाय. अशा वेळी क्लासपाथ उलटापालटा करून काही होणार नाही, लॉगमध्ये वर जाऊन एक्सेप्शन-इन-इनिशियलायझर-एरर शोधा, खरं कारण तिथे असतं.

नो-सच-मेथड-एरर म्हणजे जार सापडली पण व्हर्जन भलतंच. अनसपोर्टेड-क्लास-व्हर्जन-एरर म्हणजे नवीन जावाने कंपाइल केलेलं जुन्या जावावर चालवताय; त्यात आकडा येतो, ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. बऱ्याचदा मशीनवर दोन जावा असतात आणि जावासी (कंपायलर) एकाची, जावा दुसऱ्याची अशी खिचडी असते. दोन्हींचं व्हर्जन विचारून बघा.

प्रॅक्टिकलला मायएसक्यूएल जोडायचंय. कंपाइल होतं पण चालवताना ड्रायव्हर सापडत नाही.

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या जेडीबीसीच्या (जावातून डेटाबेस जोडायच्या) प्रॅक्टिकलची ही ठरलेली एरर. कंपाइल होतं कारण ड्रायव्हरचं नाव कोडमध्ये नुसती स्ट्रिंग आहे, कंपायलरला तिच्याशी घेणंदेणं नाही. चालवताना मात्र कनेक्टरची (मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरची) जार क्लासपाथवर हवी. जार प्रोग्रॅमच्या शेजारी नुसती कॉपी करून ठेवली म्हणजे झालं असं नाही, टिंब दिला तरी त्या फोल्डरमधल्या जार उघडल्या जात नाहीत, जारचं नाव किंवा स्टार द्यावाच लागतो. विंडोजवर:

जावा -सीपी ".;लिब/*" मेन

वहीत लिहून दिलेलं कॉम.मायएसक्यूएल.जेडीबीसी.ड्रायव्हर हे जुनं नाव आहे, कनेक्टर ८ पासून मध्ये सीजे आलंय, कॉम.मायएसक्यूएल.सीजे.जेडीबीसी.ड्रायव्हर. आणि खरं तर जावा ६ मधल्या जेडीबीसी ४ पासून ती क्लास.फॉरनेमची ओळच लागत नाही, जार क्लासपाथवर असली की ड्रायव्हर आपोआप नोंदवला जातो. परीक्षक विचारतील म्हणून ठेवा हवी तर. ती ओळ काढली आणि जारही नसेल तर एरर बदलते, "नो सूटेबल ड्रायव्हर फाउंड" येते, रोग तोच.

एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स आली आहेत बहुतेक. नक्की कुठली लोड झाली ते कसं बघायचं?

अंदाज बांधत बसू नका, जेव्हीएमलाच विचारा. कमांडमध्ये -व्हर्बोज:क्लास घाला, प्रत्येक क्लास कुठल्या जारमधून आला ते छापलं जातं. हजारो ओळी येतील, ग्रेप लावून हवा तो क्लास गाळून घ्या. हे एक ऑप्शन माहीत असेल तर "मी तर नवीन जार टाकली होती" या वादावर तिथल्या तिथे निकाल लागतो. बऱ्याचदा निघतं असं की नवीन जार टाकली पण जुनी लिबमधून काढलीच नव्हती, नावात व्हर्जन वेगळं असल्यामुळे ती ओव्हरराइट झाली नाही आणि स्टारने दोन्ही उचलल्या. डिप्लॉय करताना लिब आधी रिकामं करायचं आणि मग भरायचं, वरून ओतायचं नाही.

दुसरी व्हर्जन आली कुठून हे मेवनमध्ये डिपेंडन्सी:ट्री सांगतं. मेवन आणि ग्रेडलचा निवडीचा नियम वेगळा आहे हे इथे महत्त्वाचं: मेवन झाडात तुमच्या सगळ्यात जवळ असलेलं व्हर्जन घेतं, मग ते जुनं का असेना, ग्रेडल एरवी सगळ्यात नवीन घेतं. त्यामुळे मेवनवरून ग्रेडलवर गेल्यावर काही न बदलता जार बदलतात आणि लोक गोंधळतात. मेवनमध्ये हवं ते व्हर्जन डिपेंडन्सी-मॅनेजमेंटमध्ये स्वतः लिहा, प्रश्न मिटला.

मेवनने आणलेल्या जार एका फोल्डरमध्ये कशा काढायच्या?

एमव्हीएन डिपेंडन्सी:कॉपी-डिपेंडन्सीज. टार्गेटमध्ये डिपेंडन्सी नावाचं फोल्डर तयार होतं. इन्क्लूड-स्कोप रनटाइम असं सांगा नाहीतर जेयुनिटपासून टेस्टिंगचं सगळं सामानही प्रॉडक्शनवर जाईल. नुसती यादी हवी असेल तर डिपेंडन्सी:बिल्ड-क्लासपाथ, ते सगळे पत्ते एका ओळीत कोलन (विंडोजवर सेमीकोलन) लावून देतं, थेट -सीपीला चिकटवता येतं. ग्रेडलवाले नशीबवान, अ‍ॅप्लिकेशन प्लगइन लावून इन्स्टॉलडिस्ट चालवलं की बिन आणि लिब दोन्ही तयार, आत शेल स्क्रिप्ट आणि विंडोजची बॅट फाइलसुद्धा.

सगळं एकाच फॅट जारमध्ये कोंबलं तर हे सगळे प्रश्न संपतील ना?

हे संपतील, वेगळे येतील. फॅट जार म्हणजे गावाला जाताना घरातलं सगळं एकाच बोचक्यात बांधणं, न्यायला सोपं पण दोन डब्यांची झाकणं सारखी असतील तर एकच वर राहतं. मेटा-इन्फमधल्या सर्व्हिसेस फोल्डरमध्ये वेगवेगळ्या लायब्ररींच्या एकाच नावाच्या फाइल असतात, त्या एकमेकींवर लिहिल्या गेल्या की ड्रायव्हर किंवा लॉगिंग गायब होतं. फॅट जार बनवणाऱ्या मेवनच्या शेड प्लगइनमध्ये सर्व्हिसेस-रिसोर्स-ट्रान्सफॉर्मर लावला की त्या फाइल जोडल्या जातात. दुसरं, एखादी मूळ जार डिजिटल सही केलेली असेल तर "इन्व्हॅलिड सिग्नेचर फाइल डायजेस्ट" म्हणून प्रोग्रॅम सुरूच होत नाही, मेटा-इन्फमधल्या .एसएफ, .डीएसए, .आरएसए फाइल वगळाव्या लागतात.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कची जार दिसायला फॅट पण आतून वेगळी आहे. ती बाकीच्या जार न फोडता बूट-इन्फ/लिबमध्ये अख्ख्या ठेवते आणि स्वतःच्या लोडरने वाचते. साधी जावा जारच्या आतली जार वाचू शकत नाही, त्यामुळे ती जार -सीपीत टाकून आतला क्लास मागू नका.

मी स्वतः सर्व्हरसाठी लिब फोल्डर आणि स्टार पसंत करतो, एक जार बदलायची असेल तर एकच बदलते. लोकांच्या हातात द्यायचं छोटं टूल असेल तर फॅट जार.

लॉगफोरजेच्या वेळी सगळे सर्व्हर धुंडाळत होते ते काय होतं?

लॉगफोरजे ही लॉग लिहायची लायब्ररी. तिच्यात डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाली, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-४४२२८. लॉगफोरजे २ मध्ये नुसती एक विशिष्ट ओळ लॉग झाली तरी बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवता येत होता. दुरुस्ती पटापट आल्या, २.१५.०, मग २.१६.०, मग २.१७.० आणि २.१७.१. पण खरा त्रास अपडेटचा नव्हता, ती जार कुठे कुठे आहे हे शोधण्याचा होता. लिबमध्ये असेल तर फाइंडने फाइलच्या नावावरून सापडते, फॅट जारमध्ये फोडून मिसळलेली असेल तर नाव उरतच नाही, तेव्हा प्रत्येक जार उघडून आत जेएनडीआय-लुकअप हा क्लास आहे का बघावं लागत होतं. जार टीएफ अमुक.जार केलं की आतली यादी दिसते. आपल्या प्रोग्रॅमसोबत कुठल्या जार जातात याची यादी बिल्डच्या वेळीच काढून ठेवा असं तेव्हापासून सगळेच बोंबलून सांगतात.

जावा ८ वर चालणारं ११ वर टाकलं आणि जेएएक्सबी सापडत नाही म्हणतं.

जेएएक्सबी (एक्सएमएल वाचायची-लिहायची लायब्ररी) पूर्वी जेडीकेसोबतच, म्हणजे जावाच्या डेव्हलपमेंट किटसोबतच यायचं, जावा ११ मधून, म्हणजे सप्टेंबर २०१८ ला, काढून टाकलं. आता ती साधी लायब्ररी आहे, बाकीच्या जारसारखी आणून लिबमध्ये टाका. नेटवर --अ‍ॅड-मॉड्यूल्स वापरा असा सल्ला मिळेल, तो फक्त ९ आणि १० साठी होता, ११ वर उपयोग शून्य. आणायचं व्हर्जनही बघून घ्या, २०२० च्या जकार्ता ईई ९ पासून पॅकेजचं नाव जावाएक्सवरून जकार्ता झालंय. जुन्या कोडला जावाएक्सवालंच लागतं, नवीन आणलं तर जार आहे तरी क्लास नाही अशी अवस्था.

पूर्वी जेआरईच्या (जावा चालवायच्या इन्स्टॉलेशनच्या) लिब/एक्स्ट फोल्डरमध्ये जार टाकून द्यायची युक्ती होती, तीही जावा ९ मध्ये बंद झाली. बरं झालं.

विंडोजवर "कमांड लाइन इज टू लाँग" येतं.

सीएमडीची मर्यादा ८१९१ अक्षरं. स्टार वापरला तर बहुतेक प्रश्नच येत नाही. नाहीतर जावा ९ पासून सगळे ऑप्शन एका फाइलमध्ये लिहून जावा @फाइलचं-नाव असं देता येतं. त्या फाइलमध्ये पत्ते सरळ तिरक्या रेघेने लिहा, अवतरणातली उलटी रेघ तिथे वेगळा अर्थ घेते.

अनसॅटिस्फाइड-लिंक-एरर आली, जार तर क्लासपाथवर आहे.

हा क्लासपाथचा विषयच नाही. ही .एसओ किंवा .डीएलएल (लिनक्स किंवा विंडोजची स्वतःची, जावाबाहेरची लायब्ररी) फाइल सापडत नाहीये, ती -डीजावा.लायब्ररी.पाथ मध्ये शोधली जाते आणि तिथे फोल्डर द्यायचं असतं, फाइल नाही. फाइल सापडूनही एरर असेल तर त्या .एसओला स्वतःला दुसरी कुठली .एसओ हवी आहे का ते लिनक्सवर एलडीडीने बघा, "नॉट फाउंड" लिहिलेली ओळ दिसेल.

हाताने चालतं, क्रॉनमधून नाही.

क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा) तुमची बॅशआरसी ही शेलच्या सेटिंगची फाइल वाचत नाही आणि चालू फोल्डरही वेगळं असतं. म्हणून लिब/* नाही, जावाचा आणि लिबचा दोन्हींचा पूर्ण पत्ता स्क्रिप्टमध्ये लिहा.

मॉड्यूल पाथ शिकायलाच हवा का?

क्लासपाथवर चालत असेल तर नाही. मॉड्यूल पाथ म्हणजे मॉड्यूल शोधायच्या जागांची वेगळी यादी, तो जावा ९ सोबत २०१७ मध्ये आला, पण क्लासपाथ कुठेही गेलेला नाही. जुन्या लायब्ररीने जेडीकेच्या आत हात घातल्यामुळे इनअ‍ॅक्सेसिबल-ऑब्जेक्ट-एक्सेप्शन येत असेल तर --अ‍ॅड-ओपन्स एवढं लागेल, आणि त्याहून बरं म्हणजे त्या लायब्ररीचं नवीन व्हर्जन.

एका फाइलची स्क्रिप्ट आहे, त्यासाठी मेवन कशाला?

नकोच. जावा ११ पासून कंपाइल न करता जावा -सीपी "लिब/*" मेन.जावा असं थेट चालतं. जार पण शोधायच्या नसतील तर जेबँग बघा, फाइलच्या वरच कमेंटमध्ये डेप्स म्हणून लायब्ररीचा पत्ता लिहायचा, बाकी डाउनलोड वगैरे तेच करतं.